बंदी दिल्लीची, रांग ढाक्यात

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न पाठवला. एखादा देश स्वतःच्या घरातली अडचण सोडवायला निर्णय घेतो, तर त्यात शेजारच्याने तोंड घालायचं कारणच काय? प्रश्न रास्त आहे. मी उत्तरासाठी करार, परिषदा, नद्यांचं पाणी अशी सगळी तयारी करत होतो. मग वाटलं, एवढं लांब कशाला जायचं? आपल्या स्वयंपाकघरात टोपलीत पडलेली वस्तू घेऊ. कांदा.

आधीच सांगून टाकतो, या विषयात मी तटस्थ नाही. माझा मामा चांदवड तालुक्यात कांदा करतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचे मंडळी त्याच्या कांद्याच्या चाळीत लपाछपी खेळायचो आणि नंतर दिवसभर अंगाला तो वास. त्यामुळे आज थोडं इकडे-तिकडे झुकलो तर समजून घ्या.

तर गोष्ट ८ डिसेंबर २०२३ ची. सकाळी मामाचा फोन. नेहमी मीच करतो, त्याचा आला म्हणजे काहीतरी आहे. तो ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत गेला होता आणि लिलाव बंद पडले होते. आदल्या रात्री केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मामा रस्त्यावर बसला नाही, त्याला ट्रॅक्टरजवळ थांबायचं होतं. मला एवढंच म्हणाला, "उन्हाळ असता तर चाळीत टाकला असता रे. हा लाल आहे. हा काय थांबतो का?"

हे वाक्य ज्यांना कळलं त्यांना कांद्याचं अर्धं राजकारण कळलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कांदा तीनदा निघतो. खरीपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून साधारण जानेवारीपर्यंत, त्यामागून रांगडा, आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, वजनात घटतो, थोडा सडतो, पण टिकतो. देश ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत त्याच्यावर चालतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांचा पाहुणा. काढला की विकायचा. आता बंदी बहुतेक वेळा कधी येते? चाळीतला जुना कांदा संपत आलेला असतो, नवा पावसाने लांबलेला किंवा खराब झालेला असतो, तेव्हा. म्हणजे भाव चढलेले असताना. आणि बंदी लागू होऊन महिनाभर होतो ना होतो तोच लाल कांदा ढिगाने बाजारात येतो. डिसेंबर २०२३ मध्ये लासलगावचे भाव काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आले.

हे झालं आपलं. ही बाजू महाराष्ट्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला आज पलीकडची बाजू सांगायची आहे, कारण ती मलाही बरीच वर्षं माहीत नव्हती.

पुण्यात एमएला असताना माझ्या वर्गात बांगलादेशातला एक मुलगा होता. गाव फरीदपूर जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. आमची ओळख मेसमध्ये झाली, आणि झाली तीही कांद्यावरून. त्याने ताटातला कांदा बुक्कीने फोडला. मी म्हटलं, हे तर आमच्याकडचं! मग त्याने पान्ता भाताबद्दल सांगितलं. रात्री भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ, हिरवी मिरची आणि कच्च्या कांद्याबरोबर खायचा. कष्टकऱ्याची न्याहारी. आपली भाकरी-कांदा-ठेचा, फक्त भाकरीच्या जागी भात. तिकडचं भरीत, ज्याला ते भोर्ता म्हणतात, कांद्याशिवाय होत नाही, मटणाचा रस्सा होत नाही, रमजानमध्ये इफ्तारला लागणारी पेंयाजू नावाची भजी तर नावापासूनच कांद्याची. सांगायचा मुद्दा, तिथे कांदा महाग होणं म्हणजे कोशिंबीर बंद होणं नव्हे. रोजचं जेवण हलतं.

बांगलादेश स्वतः भरपूर कांदा पिकवतो. पाबना, फरीदपूर, राजबारी हे तिथले नाशिक-नगर समजा. उत्पादन जवळपास मागणीइतकं असतं. पण साठवणूक कच्ची, हवा दमट, साधारण पाव हिस्सा माल खराब होतो. म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात, ऑगस्टपासून नवा कांदा येईपर्यंत, खड्डा पडतो. तो खड्डा वर्षानुवर्षं भारतातून भरला जायचा. साहजिक आहे. नाशिकहून सुमारे दोन हजार किलोमीटर, ट्रक चार-पाच दिवसांत पेट्रापोल, घोजाडांगा किंवा हिलीच्या सीमेवर. नाशवंत मालाला याहून सोयीचं गिऱ्हाईक आणि याहून सोयीचा दुकानदार दोघांनाही मिळणार नाही. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत ट्रक सीमेवर अडकायला लागले, तेव्हा लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनात गेली होती. इतकं ते गणित पक्कं होतं.

आता बंदी कशी येते बघा. विदेश व्यापार महासंचालनालय एक अधिसूचना काढतं. संसदेत चर्चा लागत नाही, शेजाऱ्याला नोटीस लागत नाही. ज्या मालाचं शिपिंग बिल आधी भरलंय किंवा जो जहाजात चढलाय तो सहसा जाऊ देतात. बाकीचा जिथे आहे तिथे थांबतो.

२९ सप्टेंबर २०१९ ला अशी बंदी आली. त्यानंतर चारच दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या कार्यक्रमात त्या मध्येच हिंदीत बोलल्या, हसत हसत, की मी आमच्या स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता बिनकांद्याचं कर. सभागृह हसलं. पण त्यांचा पुढचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कांदा २५० टाका किलोपर्यंत गेला. सरकारी महामंडळाचे ट्रक ४५ टाकाने कांदा विकत होते आणि त्यांच्यामागे रांगा. तुर्कस्तान, इजिप्तहून कांदा विमानाने आणावा लागला. विमानाने, कांदा!

माझ्या मित्राने तेव्हा मला मेसेज केला होता. आई दोन तास रांगेत उभी राहिली, एक किलो मिळाला. खाली एक हसरा चेहरा टाकला होता आणि लिहिलं होतं, तुझ्या मामाला सांग. मी मामाला सांगितलंही. मामा म्हणाला, "त्यांना पाहिजे, मला विकायचाय. मग मध्ये कोण?"

मध्ये कोण, तर मध्ये आपणच. म्हणजे मी, तुम्ही, दिल्ली-मुंबई-पुण्यातला गिऱ्हाईक. आणि इथे सरकारची बाजूही नीट सांगायला हवी, नाहीतर हा भाग नुसता रडगाणं होईल. कांदा महागला की हातावर पोट असलेल्याचं बजेट खरोखर मोडतं. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार जाण्यात कांद्याचा किती वाटा होता, हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. २०१९ ला तर लांबलेल्या पावसाने खरीपाचं पीक झोपलं होतं, डिसेंबरमध्ये आपल्याकडेही किलोला शंभरच्या वर भाव होता. आणि बंदी अचानक का? कारण महिनाभर आधी सांगितलं तर त्या महिन्यात सगळे व्यापारी मिळेल तो कांदा बाहेर पाठवतील, आणि ज्यासाठी बंदी घालायची तेच हातून जाईल. हे खोटं नाही. अचानकपणा ही चूक नसून या हत्याराचा स्वभाव आहे. म्हणूनच ते वारंवार वापरू नये, असं माझं मत.

पण वापरलं गेलं वारंवारच. १५ मार्च २०२० ला निर्यात खुली झाली आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंद. सहा महिनेही धड गेले नाहीत. या वेळी बांगलादेशाच्या परराष्ट्र मंत्रालयाने भारताला लेखी कळवलं: याबद्दल आपलं बोलणं झालं होतं, पूर्वकल्पना द्यायचं ठरलं होतं, तरी असं झालं. सीमेवर कांद्याचे शेकडो ट्रक अडकले. काही दिवसांनी त्यातल्या काही मालाला सूट मिळाली, पण सप्टेंबरच्या उकाड्यात ताडपत्रीखाली आठवडा काढलेला कांदा कसा होतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पलीकडे पोचला तेव्हा त्यातला बराच सडलेला होता. तोटा तिथल्या आयातदाराचा, इथल्या निर्यातदाराचा, आणि शेवटी भावातून शेतकऱ्याचा.

जाता जाता २०१९ च्या बंदीचा एक किस्सा, कारण तो मला सोडवत नाही. त्या वेळी आपणही बाहेरून कांदा मागवला होता, तुर्कस्तान-इजिप्तचाच. तो आला तोवर नवा माल बाजारात यायला लागला होता, शिवाय त्या जाड्या कांद्याला आपल्याकडच्या चवीची सर नव्हती. राज्यांनी तो उचलला नाही. मग जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्या, की भारताने तो कांदा बांगलादेशाला देऊ केलाय. ज्याला चार महिन्यांपूर्वी आपला कांदा द्यायचा नाही म्हटलं, त्याच्या दारात आपण तिसऱ्याचा कांदा घेऊन उभे. बांगलादेशाने तोवर आपली सोय केली होती.

आता एक गोष्ट सरळ नाही, आणि ती मला मित्रानेच शिकवली. त्याचे वडील फरीदपूरला कांदा करतात. डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर मी त्याला अगदी अपराधी आवाजात फोन केला. ढाक्यात एका रात्रीत भाव दोनशे टाकांच्या वर गेले होते. तो म्हणाला, आई चिडली आहे, अब्बा खूश आहेत! त्यांचा मुरीकाटा कांदा, म्हणजे छोटे कंद लावून घेतलेला लवकरचा कांदा, नेमका तेव्हा निघत होता. त्याला कधी नव्हे तो भाव मिळाला. एरवी त्यांचं दुखणं उलटं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मुख्य पीक निघायचं आणि त्याच वेळी सीमेवरून आपला स्वस्त उन्हाळ कांदा आला की फरीदपूरचा भाव कोसळायचा. म्हणून तिथलं सरकारही आपल्या शेतकऱ्यासाठी आयातीचे परवाने बंद-सुरू करत असतं. २०२३ मध्येच मार्चच्या मध्यापासून त्यांनी परवाने थांबवले होते, भाव फार चढल्यावर ५ जूनला पुन्हा सुरू केले. आणि हो, एका रात्रीत भाव चढतात तेव्हा गोदामातला माल जुन्याच दराने घेतलेला असतो. ढाक्याचा श्यामबाजार असो की चट्टोग्रामचं खातूनगंज, व्यापारी तिथलेही काही देवमाणसं नाहीत. दिल्लीची अधिसूचना त्यांना निमित्त पुरवते.

म्हणजे हा भारत विरुद्ध बांगलादेश असा मामला नाही. इकडे एक शेतकरी, एक गिऱ्हाईक. तिकडे एक शेतकरी, एक गिऱ्हाईक. दिल्लीत एक कागद निघतो आणि या चौघांपैकी इकडच्या गिऱ्हाइकाला आणि तिकडच्या शेतकऱ्याला चार दिवस बरे जातात, बाकीचे दोघे मार खातात. त्यातल्या ढाक्याच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे माझ्या मित्राच्या आईला, दिल्लीत मत नाही. माझ्या मामाला आहे, ते त्याने २०२४ ला वापरलंही, कसं ते त्याने मला सांगितलं नाही.

नेपाळचं तर याहून अवघड. बांगलादेशाला चट्टोग्राम बंदर आहे, जहाजाने कुठूनही माल येतो. नेपाळला समुद्रच नाही. त्याचा बहुतेक कांदा आपल्याकडूनच जातो. आपण दार लावलं की त्याने उत्तरेकडे हिमालयाच्या वाटेने चीनकडे बघायचं.

मग यावर उपाय नाही का? आहे, आणि आपणच तो दुसऱ्या शेजाऱ्याला दिलाय. मालदीवबरोबर १९८१ चा व्यापार करार आहे. त्याखाली तांदूळ, साखर, अंडी, बटाटे, कांदे अशा वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून देतात आणि बाकीच्यांना बंदी असली तरी तो कोटा जातो. २०२४-२५ साठी कांद्याचा आकडा ३५ हजार टनांच्या वर होता, आणि तो दिला तेव्हा दोन्ही देशांमध्ये किती तणातणी चालली होती ते आठवा. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाच्या व्यापारमंत्र्यांनी दिल्लीत असाच वार्षिक कोटा मागितला होता. मालदीव चिमुकला, बांगलादेशात सोळा-सतरा कोटी माणसं, म्हणजे कोटा देणं तितकं सोपं नाही, कबूल. झालं मात्र असं, की पुढच्याच वर्षी बंदी आली आणि मग ५० हजार टन अमक्याला, काही हजार टन तमक्याला, अशी सहकारी संस्थेमार्फत खिरापत वाटली गेली. एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांना मिळून ९९,१५० टन. आकडा मोठा वाटतो. २०२२-२३ मध्ये आपण २५ लाख टनांच्या वर निर्यात केली होती.

जागतिक व्यापार संघटनेचे नियम काय म्हणतात, असंही काहींनी विचारलं होतं. फार काही म्हणत नाहीत. अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते. आयात करणाऱ्याला आगाऊ कळवावं, त्याच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा असं कलम आहे, त्यातही विकसनशील देशांना सवलती आहेत. दंड वगैरे सोडा, शब्द पाळायला लावणारं तिथे कोणी नाही.

खरा दंड वेगळ्या वाटेने येतो. थोडं मागे जातो. २०१५ मध्ये आपण सीमेवरून बांगलादेशात जाणारी गुरं कडकपणे अडवायला लागलो. तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी सीमा सुरक्षा दलाला तसं जाहीरपणे सांगितलं होतं. त्या निर्णयाच्या बऱ्या-वाइटात आज जात नाही. परिणाम एवढाच सांगतो: सुरुवातीला तिथे मांस महागलं, आणि मग गावोगाव लोकांनी गुरं पाळायला घेतली. काही वर्षांत ईदची गरज देशातल्याच जनावरांवर भागायला लागली. गेलेली मागणी परत आली नाही.

कांद्याचं तसंच होतंय. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण सोबत ५५० डॉलर टनाची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क. ते कमी होत होत १ एप्रिल २०२५ ला शुल्क पूर्ण गेलं. दार आता सताड उघडं आहे. २०२४-२५ ची निर्यात मात्र बारा लाख टनांच्या आसपासच राहिली. मधल्या काळात आखातात पाकिस्तानचा कांदा बसला, कोलंबोत चीनचाही दिसायला लागला. आणि बांगलादेशाने ठरवलं की ऑगस्ट ते नोव्हेंबरचा तो खड्डा आपणच भरायचा. साठवणुकीसाठी हवा खेळती ठेवणारी घरं, आणि पावसाळ्यात निघणारा कांदा. तो त्यांच्याकडे फारसा होतच नव्हता. सरकारने शेतकऱ्यांना बियाणं वाटायला सुरुवात केली.

मागच्या पावसाळ्यात मित्राने मला एक फोटो पाठवला. अब्बांच्या हातात बियाण्याचं पाकीट. बांगला अक्षरं मी जमेल तशी लावली: नासिक रेड, एन-५३. मी उडालोच. एन-५३ हा आपल्या निफाडचा वाण, साठेक वर्षांपूर्वी नाशिकच्या स्थानिक कांद्यातून निवडून काढलेला. खरीपाचा लाल कांदा. मामाने आयुष्यभर केला तोच.

दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा तो फोटो दाखवला. मला वाटलं चिडेल, निदान दोन शिव्या तरी हासडेल. त्याने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, पाकिटापेक्षा मागची वाफे पाडलेली जमीन जास्त वेळ बघितली. मग फोन परत देत म्हणाला, "रान चांगलं दिसतंय. एकरी किती निघतो म्हणे त्यांना?"

मी मित्राला विचारलंय. उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.